हातउसनी वीज : एका फोनने दुसऱ्याला तारेविना चार्ज करण्याचा इतिहास

१/
टेबलावर एक फोन पालथा ठेवला आहे. त्याच्या पाठीवर दुसऱ्या फोनची पाठ टेकवली आहे. मध्ये तार नाही आणि भिंतीत प्लगही नाही, तरी खालच्या फोनच्या बॅटरीतील वीज वरच्या फोनमध्ये जात आहे. २०१८ साली ही सोय बाजारात आली. तिच्यामागे मात्र जवळपास दोन शतकांचा इतिहास उभा आहे. त्यात एका लोहाराचा मुलगा आहे, पाडून टाकलेला एक मनोरा आहे आणि कंपन्यांमधली मानकांची दीर्घ लढाईही आहे. आजचा धागा त्याविषयी. #धागा #विज्ञानाचा_इतिहास

२/
या इतिहासात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. तारेविना वीज एका वस्तूतून दुसरीत जाते कशी? वीज घेण्यासाठी घडवलेले यंत्र वीज देऊ कसे लागते? आणि तिसरा, बहुधा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : जी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे ती सर्वांच्या हाती का पडत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८३१ साली मिळाले, दुसऱ्याचे १८७३ साली. तिसऱ्याचा निकाल अजून लागायचा आहे.

३/
लंडन, २९ ऑगस्ट १८३१. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मायकेल फॅरडे यांनी साधारण ६ इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले आणि त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली. दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशी कोणताही विद्युतसंपर्क नव्हता. बॅटरी जोडताक्षणी सूची हलली आणि स्थिर झाली. बॅटरी काढताक्षणी ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने.

४/
या हालचालीचा अर्थ मोठा होता. वीज नुसती वाहत राहिली तर दुसऱ्या वेटोळ्यात काहीच घडत नाही. ती बदलते तेव्हा तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि ते बदलते क्षेत्र शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. अमेरिकेत जोसेफ हेन्री हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते, पण प्रसिद्धी आधी फॅरडे यांच्या निबंधाला मिळाली. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला हा माणूस औपचारिक गणित फारसे शिकलेला नव्हता.

५/
आजच्या फोनच्या पाठीत काचेखाली तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे असते. चार्जिंगच्या तबकडीतही तसेच एक असते. तबकडीतील वीज सेकंदाला साधारण १ लाख ते २ लाख वेळा दिशा बदलते, म्हणजे फॅरडे यांनी हाताने जे जोडले आणि तोडले तेच काम आता अखंड आणि अतिवेगाने चालते. लोखंडी कड्याची जागा फेराइटच्या पातळ पत्र्याने घेतली आहे. तत्त्व मात्र १८३१चेच आहे. म्हणूनच वायरलेस चार्जिंग हा एकविसाव्या शतकाचा शोध म्हणणे योग्य नाही.

६/
आता दुसरा प्रश्न : घेणारे यंत्र देणारे कसे होते? त्यासाठी १८७३च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात जावे लागेल. तिथे झेनोब ग्राम यांची विद्युत जनित्रे मांडली होती. हिप्पोलित फोंतेन यांनी एक जनित्र फिरवून त्याची वीज तारांनी दूरच्या दुसऱ्या जनित्राला दिली, आणि ते दुसरे यंत्र स्वतःच फिरू लागले. जनित्राचे चलित्र झाले. एका कामगाराने तारा चुकून जोडल्यामुळे हे घडले अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, प्रयोग खरा होता.

७/
यंत्राची ही उलटसुलट चालण्याची क्षमता भौतिकशास्त्रातच दडलेली आहे. जी वेटोळी आणि चुंबके गतीपासून वीज करतात तीच विजेपासून गती करतात. लोकलगाडी ब्रेक लावताना मोटारीचेच जनित्र करून वीज परत तारेत सोडते, ती याच न्यायाने. फोनमधील वेटोळ्यालाही दिशा ठाऊक नसते. वीज आत घ्यायची की बाहेर द्यायची, हे त्याच्यामागील मंडल ठरवते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

८/
पण त्याआधी एक भव्य अपयश. २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात निकोला टेस्ला यांनी विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले. दोन धातूच्या पत्र्यांमधील जागेत त्यांनी काचेच्या वायुनलिका धरल्या आणि त्या कोणत्याही तारेविना उजळल्या. हा मार्ग फॅरडे यांच्या चुंबकीय मार्गाहून वेगळा होता. येथे विद्युत क्षेत्र काम करत होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र गोष्ट एकच होती : दिवा पेटला आणि तार नव्हती.

९/
टेस्ला यांना खोलीभर अंतर पुरेसे नव्हते. सारी पृथ्वी हेच वाहक मानून जगभर वीज पोहोचवावी, असे त्यांचे स्वप्न होते. १८९९ साली त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रयोग केले. १९०१ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे मनोऱ्याचे काम सुरू झाले. त्यासाठी जे. पी. मॉर्गन यांनी १ लाख ५० हजार डॉलर दिले होते. हे पैसे अटलांटिकपलीकडे संदेश पाठवण्यासाठी होते. वीज पाठवण्याचा मोठा बेत टेस्ला यांनी नंतर पुढे केला.

१०/
डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी त्याहून कितीतरी साध्या साधनांनी अटलांटिकपार संदेश पोहोचवल्याचे जाहीर केले. मॉर्गन यांनी आणखी पैसे देण्यास नकार दिला. काम रेंगाळले, थांबले आणि १९१७ साली तो मनोरा पाडण्यात आला. अपयशाचे कारण केवळ सावकाराचा हात आखडणे हे नव्हते. वीज सर्व दिशांना पसरली की अंतराबरोबर ती झपाट्याने विरळ होते. संदेशाला कणभर ऊर्जा पुरते, दिव्याला पुरत नाही. या फरकापुढे टेस्ला यांची कल्पना टिकण्याजोगी नव्हती.

११/
म्हणून यश मिळाले ते अंतर वाढवणाऱ्यांना नव्हे, तर अंतर कमी करणाऱ्यांना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवर्तनाचा सर्वांत मोलाचा उपयोग झाला तो शरीरात. कानातील इम्प्लांटला, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांटला, वीज आणि ध्वनिसंकेत दोन्ही त्वचेच्या आरपार मिळतात. डोक्यावर बाहेरून एक छोटे वेटोळे बसते, आत दुसरे असते. त्वचेला भोक पाडावे लागत नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाची एक वाटच बंद होते.

१२/
या इम्प्लांटमध्ये एक बारकावा आहे. बाहेरचे वेटोळे आतल्या वेटोळ्याच्या नेमके समोर राहावे म्हणून दोन्हीकडे चुंबक बसवलेले असतात. दोन वेटोळी जरा सरकली तरी वीज गळते, ही अडचण तिथे चुंबकाने सोडवली. फोन बनवणाऱ्यांना हीच अडचण पुढे आली आणि त्यांनीही अखेर हाच उपाय स्वीकारला. दरम्यान घरोघरीच्या न्हाणीघरांत विजेचे दात घासण्याचे ब्रश आले. पाण्याजवळ उघडे धातूचे टोक नको म्हणून तेही प्रवर्तनानेच चार्ज होत.

१३/
फोनचे नाव या कथेत ठळकपणे येते ते एका झोपमोडीमुळे. अमेरिकेतील एमआयटीत भौतिकशास्त्र शिकवणारे, मूळचे क्रोएशियाचे मारिन सोल्याचिच यांना बॅटरी संपत आल्याचे सांगणारा फोन रात्री वारंवार उठवत असे. घरात भिंतीभिंतीत वीज असताना या यंत्राने स्वतःची सोय स्वतः का लावू नये, असा प्रश्न त्यांना पडला. २००७ साली त्यांच्या चमूने २ मीटरहून अधिक अंतरावरचा ६० वॅटचा दिवा तारेविना पेटवून दाखवला. ऊर्जेचे साधारण ४० टक्के पोहोचले.

१४/
त्यांचे तंत्र अनुनादाचे होते. तंबोऱ्याची एक तार छेडली की तिच्याशी सुरात मिळालेली दुसरी तार आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. दोन वेटोळी एकाच कंपनसंख्येला जुळवली की त्यांच्यातही असेच नाते जडते. पण २ मीटरच्या त्या दिव्यासाठी साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची वेटोळी लागली होती. ती खिशात मावणारी नव्हती. फोनच्या वाट्याला पुन्हा जवळची, जवळजवळ चिकटून बसण्याची वाटच आली.

१५/
डिसेंबर २००८ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम स्थापन केला. त्याच्या मानकाचे नाव ‘ची’. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ प्राणशक्ती असा होतो. २००९ साली पाम प्रे हा फोन स्वतःच्या वेगळ्या वायरलेस चार्जरसह आला. २०१२ साली नोकियाचा ल्युमिया ९२० ‘ची’ घेऊन आला. त्याच काळात आणखी दोन गट उभे राहिले आणि प्रत्येकाचे मानक वेगळे होते. कॉफीच्या दुकानातील तबकडी एका मानकाची आणि गिऱ्हाइकाचा फोन दुसऱ्याचा, अशी गत झाली.

१६/
२०१५ साली सॅमसंगने गॅलेक्सी एस६ मध्ये दोन्ही मानके एकदम बसवली आणि ग्राहकाची तात्पुरती सुटका केली. निकाल लागला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. ॲपलने आयफोन ८ आणि आयफोन एक्स यांना ‘ची’ दिले. काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, विरोधी गटातील प्रमुख कंपनी पॉवरमॅटही ‘ची’च्या कन्सॉर्शियममध्ये दाखल झाली. लढाई संपली. ती संपली म्हणूनच पुढची गोष्ट शक्य झाली : आता कोणत्याही कंपनीचा फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या फोनची भाषा समजू शकत होता.

१७/
१६ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनमध्ये हुआवेने मेट २० प्रो सादर केला. त्याच्या ४२०० एमएएच बॅटरीतील वीज पाठीतून दुसऱ्या उपकरणाला देता येत होती, मग ते प्रतिस्पर्धी कंपनीचे का असेना. २० फेब्रुवारी २०१९ रोजी सॅमसंगने गॅलेक्सी एस१० मध्ये हीच सोय ‘पॉवरशेअर’ नावाने दिली आणि सोबत कानात घालायचे बड्स आणले. २०२० साली गूगलचा पिक्सेल ५ ‘बॅटरी शेअर’ घेऊन आला. दोन वर्षांत घेणारा फोन देणारा झाला.

१८/
हे घडले कसे? येथे व्हिएन्ना आठवा. वीज घेताना वेटोळ्यात प्रत्यावर्ती धारा निर्माण होते आणि चार सूक्ष्म स्विचांचा एक पूल तिचे दिष्ट धारेत रूपांतर करून ती बॅटरीकडे पाठवतो. वीज द्यायची झाली की हाच पूल उलट चालवतात. बॅटरीची दिष्ट धारा योग्य दाबाला चढवून त्याच्याकडे आणली जाते, स्विच लाखो वेळा उघडझाप करतात आणि वेटोळ्यात प्रत्यावर्ती धारा खेळू लागते. वेटोळे तेच, पूलही तोच. बदलतो तो हुकूम.

१९/
आणखी एक काम देणाऱ्या फोनला शिकावे लागते, ते म्हणजे ऐकण्याचे. ‘ची’ मानकात वीज घेणारे उपकरण आपला भार किंचित कमीजास्त करून देणाऱ्याला सांगत असते : वाढव, कमी कर, आता पुरे. हा संवाद त्याच चुंबकीय क्षेत्रातून चालतो. पाठीवर फोनऐवजी नाणे किंवा किल्ली पडली तर ती तापू नये म्हणून वीज थांबवावी लागते. म्हणजे हे नुसते ओतणे नव्हे, माप पाहून देणे आहे.

२०/
आता हिशेब. आपल्याकडे म्हणतात, एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. बॅटरीचे तसे नाही. ती रांजणासारखी आहे आणि ओंजळीने पाणी काढताना सांडतेही. दाब चढवणे, प्रत्यावर्ती करणे, वेटोळ्यातून पलीकडे जाणे, पुन्हा दिष्ट करून साठवणे या चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर ९० टक्के टिकले असे मानले तरी शेवटी १०० पैकी साधारण ६६च उरतात. उरलेल्याची उष्णता होते, आणि उष्णता हीच बॅटरीच्या आयुष्याची वैरीण.

२१/
४००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १५ वॅट-तास ऊर्जा असते. इयरबड्सच्या डबीत जेमतेम १. ती भरायला फोनचा दहावा भाग पुरतो, म्हणून हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो. पण दुसरा रिकामा फोन पूर्ण भरायचा तर देणाऱ्याचा सारा साठा संपूनही काम अपुरे राहील. त्यातच देण्याचा वेग सुरुवातीच्या फोनमध्ये ५ वॅटच्या आत होता. तासाभरात अडीनडीच्या चार फोनकॉलपुरते मिळाले तरी पुष्कळ. गॅलेक्सी एस१० ने तर नियमच केला : स्वतःजवळ ३० टक्के असल्याशिवाय देणे सुरू होणार नाही.

२२/
म्हणून या सोयीला दान म्हणू नये. ती हातउसनी वीज आहे : थोडी, जवळच्याला, वेळ भागण्यापुरती. पण अशा थोडक्या उसन्याची किंमत अडचणीत कळते. रात्रीच्या प्रवासात, वीज गेलेल्या गावात, रुग्णालयाच्या बाहेर ताटकळताना, ३ टक्के उरलेल्या फोनवर घरी एक निरोप जाणे हेच सर्वस्व असते. त्या वेळी शेजारच्या माणसाचा फोन कोणत्या कंपनीचा आहे हे विचारावे लागू नये, एवढीच या सोयीची खरी थोरवी.

२३/
आणि नेमक्या याच ठिकाणी इतिहास वळण घेतो. ॲपलने २०१७ साली जाहीर केलेली तीन उपकरणे एकत्र चार्ज करणारी एअरपॉवर ही तबकडी आपल्या निकषांना उतरत नाही म्हणून २९ मार्च २०१९ रोजी रद्द केली. २०२० साली आयफोन १२ मध्ये मॅगसेफची चुंबके आली. त्याच धर्तीवर कन्सॉर्शियमने २०२३ साली ‘ची २’ मानक जाहीर केले. वेटोळी आता नेमकी जुळू लागली. कानातील इम्प्लांटमधला जुना उपाय फोनला मिळाला.

२४/
पण चुंबक आले आणि देण्याची सोय मागे पडू लागली. २०२५च्या पिक्सेल १० मध्ये ‘ची २’ची चुंबकांची कडी आली आणि त्याच फोनमधून ‘बॅटरी शेअर’ गेले. गूगलने कारण दिले ते या चुंबकांमुळे येणाऱ्या भौतिक मर्यादेचे. आयफोनने तर ही तारेविना देण्याची सोय इतर उपकरणांसाठी कधी खुली केलीच नाही. २०२३च्या आयफोन १५ पासून ४.५ वॅटपर्यंत वीज बाहेर देता येते, पण यूएसबी-सी तारेने. सॅमसंगने मात्र पॉवरशेअर टिकवून ठेवले.

२५/
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे शोधावे लागते. घेणे वेगवान आणि सुबक व्हावे यासाठी ग्राहक पैसे मोजतो. देणे ही क्वचित लागणारी आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उपयोगाची गोष्ट आहे. बाजार तिला शेवटच्या रांगेत बसवतो. २००१ साली आलेल्या ‘यूएसबी ऑन द गो’ने तारेने वीज देण्याची सोय फोनपर्यंत आणली, पण बहुतेकांना आजही ती ठाऊक नाही. देण्याची क्षमता मानकात सक्तीची नसेल, तर एखाद्या नव्या रचनेच्या गडबडीत ती नाहीशी होते आणि कुणी तक्रारही करत नाही.

२६/
तरी वाट बंद झालेली नाही. २०२० साली एनएफसी फोरमने १ वॅटपर्यंत वीज देण्याचे मानक जाहीर केले. पैसे चुकते करताना जो एनएफसी अँटेना आपण वापरतो त्यानेच पेन, इयरबड, फिटनेस पट्टा अशी चिमुकली उपकरणे चार्ज व्हावीत, असा त्यामागचा विचार आहे. टेस्ला यांनी सारी पृथ्वी व्यापू पाहिली. सव्वाशे वर्षांनी उरली ती काही मिलिमीटरची आणि एका वॅटची महत्त्वाकांक्षा. ती छोटी आहे, पण चालते.

२७/
फॅरडे यांचे ते लोखंडी कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहे. त्याच्या दोन वेटोळ्यांपैकी देणारे कोणते आणि घेणारे कोणते, हे बॅटरी ज्या बाजूला जोडाल त्यावर ठरते. धातूला त्याचे काही नसते. आपल्या फोनमध्ये ही निवड कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. ती कोणत्या बाजूने केली आहे, हे फोन विकत घेताना विचारायला हरकत नाही.

२८/
तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का, हे बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. असेल तर दोन्ही फोनचे कव्हर काढा, पाठी मध्यावर जुळवा आणि एकदा करून बघा. कुणाची वेळ कधी अशी भागली असेल तर खाली जरूर लिहा. धागा आवडला तर पुढे पाठवा. येथे थांबतो.